मामाचा सेट आणि डोळ्यात घुसणारी चमक

"काका नमस्कार. मी २७ वर्षांचा, कोथरूडला राहतो, दीड वर्ष झालं गोल्फ खेळतोय. मामाने त्याचा जुना आयर्नचा (धातूच्या पातळ हेडच्या क्लबचा) सेट मला दिलाय, ३ नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत, एकूण आठ क्लब. मागे 'फोर्ज्ड' कोरलेलं आहे आणि हेड अगदी आरशासारखी चकचकीत. सकाळी येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर सुरुवातीच्या होल्सना ऊन तिरकं असतं, तेव्हा ॲड्रेसला, म्हणजे फटका मारायच्या पवित्र्यात, उभा राहिलो की क्लबवरून अशी चमक डोळ्यात जाते की बॉलवर नजरच ठरत नाही. पोलराइज्ड गॉगल घेतला, काही फरक नाही. एका व्हिडिओत बघितलं की टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये हेड रात्रभर बुडवायची म्हणजे क्रोम निघतं, मग सँडपेपर मारायचा आणि वरून काळा स्प्रे. करू का? माझी स्वतःची एक वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) आणि एक पटर (होलजवळ बॉल ढकलायचा क्लब) पण आहे, दोन्ही स्टेनलेसचे, त्यांचंही करायचंय. आणि मामाला आधी सांगू की करून झाल्यावर दाखवू? — चमकेने हैराण, कोथरूड"

मित्रा, पहिलं म्हणजे ती ॲसिडची बाटली बाथरूममध्ये जिथे आहे तिथेच राहू दे. बाकीचं सावकाश सांगतो.

मी भोसरीत टूलरूममध्ये ३० वर्षं काढली. प्लेटिंगवाल्याकडे जॉब पाठवायचे, आले की तपासायचे, नाही पटले तर परत पाठवायचे, हे रोजचं होतं, आणि गोल्फही बरीच वर्षं खेळतोय, त्यामुळे तुझ्या पत्रातली प्रत्येक ओळ मला कळली. तुझा त्रास खरा आहे. काही लोक तुला सांगतील की बॉलकडे बघ, क्लबकडे कशाला बघतोस, पण ॲड्रेसला क्लबच्या टॉपलाइनवरून (हेडच्या वरच्या कडेवरून) सूर्य डोळ्यात आला की डोळ्याची बाहुली आकसते आणि हिरव्या गवतावरचा बॉल पुढचे दोन-चार सेकंद नीट दिसतच नाही, त्यात मन लावायचा प्रश्न येतो कुठे.

गॉगलचं आधी सांगून टाकतो कारण त्यात तुझे पैसे गेलेत. पाण्यावरून, ओल्या रस्त्यावरून, गाडीच्या काचेवरून जी चमक येते ती बऱ्यापैकी पोलराइज्ड झालेली असते, म्हणून तो गॉगल खडकवासल्याच्या पाण्याकडे बघताना कमाल करतो. धातूवरून परत आलेला उजेड तसा फारसा पोलराइज्ड होत नाही. त्यामुळे क्रोमवरची चमक त्या गॉगलमधून साध्या काळ्या काचेतून दिसेल तेवढीच कमी दिसते. गॉगल खराब नाहीये, काम वेगळं आहे त्याचं.

आता चमक म्हणजे नक्की काय ते समजून घे, कारण व्हिडिओवाल्याची सगळी गडबड इथेच झालीये. घरात स्वयंपाकघरात जा आणि दोन ताटं काढ, एक पाहुण्यांसाठी ठेवलेलं नवं कोरं आणि एक रोजच्या वापरातलं, दहा वर्षं घासून घासून मऊ दिसायला लागलेलं. दोन्ही खिडकीत धर. नव्या ताटात खिडकीचे गज मोजता येतील, जुन्यात नुसता उजेड दिसेल पांढरट. धातू तोच, स्टीलच, फक्त जुन्याच्या पृष्ठभागावर हजारो बारीक चरे पडलेत आणि ते उजेड एका दिशेला न फेकता चारी बाजूंना पसरवतात. म्हणजे चमक घालवायला रंग बदलावा लागत नाही, पोत बदलावा लागतो. काळ्या रंगाची नवीन गाडी उन्हात किती चमकते ते तू बघितलंच असशील. गुळगुळीत पृष्ठभागावर काळा थर दिला की काळा आरसा तयार होतो, बाकी काही नाही, आणि हे मी नुसतं बोलायला म्हणून सांगत नाहीये, पॉलिश केलेल्या जॉबवर काळं पीव्हीडी (धातूवर चढवायचा एक अगदी पातळ थर) कोटिंग चढवून आणलेलं मी पाहिलंय, चेहरा दिसत होता त्यात.

दुसरी गोष्ट, आणि मला वाटतं तुझ्यासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. पूर्ण हेडचं फिनिश बदलायची तुला गरजच नाहीये बहुतेक. उद्या सकाळी सातच्या सुमारास गच्चीवर जा, ७ आयर्न घेऊन, खाली एक जुनी चटई टाक आणि नेहमीसारखा ॲड्रेस घे. बरोबर कोणाला तरी घेऊन जा, बहीण, शेजारी, कोणीही, आणि त्याला खडू किंवा मास्किंग टेपचे तुकडे दे. सूर्य डाव्या बाजूला, उजव्या बाजूला, पाठीमागे, असा फिरून फिरून उभा राहा आणि जिथून चमक येतेय तिथे तुकडा लावायला सांग. तुझ्या लक्षात येईल की क्लबचा मागचा भाग, ते कोरलेलं नाव, नंबर असलेला सोल म्हणजे तळ, यातलं काहीच तुला दिसत नाही. दिसते ती वरची कड म्हणजे टॉपलाइन, होझलची गोल मान, आणि फेसचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा, टोकडचा (शाफ्टपासून लांबच्या टोकाकडचा) तो चकचकीत तुकडा जिथे ग्रूव्ह म्हणजे खाचा नाहीत. ग्रूव्हचा मधला पट्टा बहुतेक क्लबवर कंपनीनेच ब्लास्ट करून (बारीक कणांचा जोरात मारा करून) खरखरीत केलेला असतो, तो मुळात फारसा चमकत नाही. म्हणजे एका क्लबवर तुझं काम दोन बोटांएवढं. त्यासाठी आख्खी आठ हेड ॲसिडमध्ये टाकायला निघालास तू.

आता ॲसिड. तुझ्या मामाच्या सेटवर 'फोर्ज्ड' (ठोकून घडवलेलं) लिहिलंय म्हणजे आतमध्ये बहुतेक साधं मऊ कार्बन स्टील आहे, आपल्याकडे वर्कशॉपमध्ये एमएस (माइल्ड स्टील) म्हणतो त्याच जातीचं. ते उघडं ठेवलं तर गंजतं. क्रोमचे क्लब यायच्या आधीच्या काळात आयर्न उघड्या लोखंडाचेच असायचे आणि राउंड झाला की कॅडी एमरीच्या कापडाने हेड घासून गंज काढत बसायचे. क्रोम आलं ते या गंजासाठी, चमक त्याच्याबरोबर फुकट आली. तुझ्या मामाने इतकी वर्षं पुण्याच्या पावसाळ्यात हे क्लब वापरले आणि ते अजून आरशासारखे आहेत ते त्या क्रोममुळेच, तो त्या लोखंडाचा रेनकोट आहे असं समज.

आणि तो रेनकोट एकच थर नसतो. लोखंडावर निकेल, कधी त्याखाली तांबं, आणि सगळ्यात वर क्रोम. निकेल साधारण दहा-वीस मायक्रॉन असतं आणि वरचं क्रोम जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन असतो, त्यावरून अंदाज घे. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते वरचं क्रोम खाऊन टाकतं, पण निकेलला लवकर हात लावत नाही. मग सकाळी उठून तू बघणार काय, तर थोडी पिवळसर झाक असलेलं, तेवढंच चकचकीत निकेल! चमक आहे तिथेच आणि वरचा कडक थर गेला. शिवाय जिथे जिथे दगड लागून, बॅगमध्ये क्लब आपटून निकेलला टोचा पडलाय तिथून ॲसिड आत शिरतं आणि खालचं लोखंड खायला लागतं, त्याचे खड्डे पडतात, ते परत भरून येत नाहीत. फ्लॅटच्या बाथरूममध्ये रात्रभर त्या वाफा, त्यात चुकून कोणी ब्लीच ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि सकाळी ते क्रोम-निकेल मिसळलेलं पाणी तू ओतणार कुठे, गटारात? नको रे. प्लेटिंगवाल्यांना एफ्लुएंट ट्रीटमेंट (सांडपाण्यावर प्रक्रिया) करावी लागते ती याच कारणाने.

सँडपेपरचं मी स्वतः करून बसलोय म्हणून तेही सांगतो. खूप वर्षांपूर्वी माझी एक फोर्ज्ड सँड वेज होती, अतिशय लाडकी. मे महिन्यात रविवारी बसून १८० नंबरचा पेपर मारला तिला, कोरडाच, टॉपलाइन आणि फेसची कड, दिसायला सुंदर झाली, दोन आठवडे मी खूष. मग पाऊस सुरू झाला. पहिल्या आठवड्यात टॉपलाइनवर सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके आले, पुसले तर जायचे, दुसऱ्या दिवशी परत. जुलैमध्ये जिथे घासलेला भाग संपून शाबूत क्रोम सुरू होतं त्या रेषेवर क्रोम फुगायला लागलं, जुन्या घराच्या ओल्या भिंतीवर रंगाचे पापुद्रे सुटतात ना, तसं, आणि नखाने टोकरलं की पातळ पत्रीसारखं निघायचं, धारदार, बोट कापलं माझं. गंज वरून दिसतो तेवढा नसतो, तो प्लेटिंगच्या खालून सरकत जातो. ती वेज शेवटी मी पूर्ण स्ट्रिप करून घेतली, म्हणजे सगळं प्लेटिंग काढून टाकलं. कोरडं घासताना निकेलची धूळ उडते ती वेगळीच, छातीत जाते, आणि ज्यांना निकेलची ॲलर्जी असते त्यांचे हात फुलून येतात.

म्हणून आधी कुठल्या क्लबमध्ये काय धातू आहे ते नक्की कर, तुझ्या वेज आणि पटरचं सुद्धा, 'स्टेनलेसचे आहेत' हे तुला दुकानदाराने सांगितलंय की तू तपासलंयस? लोहचुंबक लावून बघशील तर फसशील. आपल्याकडे भांडी घेताना चुंबक चिकटलं नाही म्हणजे चांगलं स्टील असं बघतात, पण ओतीव (कास्ट) आयर्न आणि वेज ज्या १७-४ किंवा ४३१ जातीच्या स्टेनलेसचे असतात त्यांना चुंबक मस्त चिकटतं. त्यापेक्षा सोल बघ, जिथे जमिनीला घासून घासून झिजलंय. सगळीकडे एकसारखाच रंग असेल, कुठेही तपकिरी ठिपका नसेल, तर स्टेनलेसची शक्यता जास्त. झिजलेल्या जागेच्या कडेला दुसऱ्या रंगाची रेघ दिसत असेल, थोडी पिवळसर, तर प्लेटिंग आहे. क्रोमला निळसर झाक असते, स्टेनलेस त्याच्या शेजारी धरलं तर जरा करडं दिसतं. अजून खात्री हवी असेल तर मोरचूद आण थोडा, द्राक्षवाले बोर्डो मिश्रणाला वापरतात तोच, चिमूटभर पाण्यात विरघळव आणि काडीने एक थेंब सोलवरच्या एखाद्या खोल खड्ड्यावर ठेव. खाली साधं लोखंड उघडं असेल तर काही सेकंदांत तांब्याचा लालसर डाग येतो. स्टेनलेसवर तसा येत नाही. नंतर धुऊन कोरडं कर, आणि मोरचूद विषारी असतो तेव्हा हात धू आणि तो स्वयंपाकघरात ठेवू नकोस.

एक सूचना इथेच देऊन ठेवतो, तुझ्यासाठी नाही पण वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे जुने तांबूस-सोनेरी रंगाचे आयर्न असतील तर त्यांना कसलाही पेपर, पॅड, ब्लास्टिंग काहीही मारू नका. काही जुने क्लब बेरिलियम कॉपरचे होते, आणि बेरिलियमची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. ते आहेत तसे वापरा.

तुझी वेज आणि पटर स्टेनलेसच निघाले तर मात्र आनंदाने घरी बसून कर, फार सोपं आहे. नाना पेठेत गाड्यांच्या रंगाचं सामान मिळतं तिथून मरून रंगाचं स्कॉच-ब्राइट घे, भांड्याच्या हिरव्यापेक्षा ते या कामाला चांगलं, आणि ४०० आणि ६०० नंबरचा वॉटर पेपर. लोखंडी तारेची घासणी अजिबात नको, तिचे बारीक कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि मग ते कण गंजतात आणि लोक म्हणतात स्टेनलेस गंजलं. हेड कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून जुन्या टूथब्रशने धू, ग्रूव्हमधली माती काढ, कोरडं कर. मग फेसवर पूर्ण टेप लाव, इन्सुलेशन टेपचे दोन थर, आणि जिथे काळी प्लास्टिकची रिंग असते शाफ्ट आणि होझलच्या मध्ये, फेरूल म्हणतात तिला, तिलाही गुंडाळ. शाफ्ट व्हाइसमध्ये आवळू नकोस, स्टीलचा असेल तर चेपतो आणि ग्रॅफाइटचा असेल तर आतून तडकतो आणि तुला कळतही नाही. टेबलाच्या कडेवर टॉवेलची घडी, त्यावर हेड, आणि ग्रिप मांडीवर, बास.

आता घासायचं ते ओलं, आणि एकाच दिशेने. टॉपलाइनवर हीलकडून (शाफ्टच्या बाजूने) टोकडे, उचलायचं, परत हीलकडून टोकडे. गोल गोल फिरवायचं नाही, गोल फिरवलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पडतात आणि उन्हात त्याच चमकतात. आधी नुसतं मरून पॅड मारून बघ, दहा-बारा हात मारले की पूस आणि खिडकीत धर. पॅडने आरसा मोडत नसेल तर ६०० चा पेपर, त्यानेही नाही तर ४००, आणि शेवटचा हात परत पॅडचाच. घाईने जाड पेपरवर जाऊ नकोस, जाड पेपरचे चरे काढायला मग तासभर घासावं लागतं. होझलला पेपरची बोटभर पट्टी काप आणि बूटपॉलिशवाला फडकं ओढतो तशी दोन्ही टोकं धरून पुढेमागे ओढ, मान गोल असल्यामुळे तिथे दिशा आडवी येणार, ते चालतं. घासता घासता एक क्षण असा येतो की खिडकीचे गज दिसायचे बंद होतात आणि नुसता दुधी उजेड राहतो. तिथे थांब! पटरला पण असंच, फक्त पटरच्या फेसला जर मिलिंगच्या रेषा असतील तर त्याला हात लावू नकोस, आणि वरची अलाइनमेंटची रेघ रंगाने भरलेली असेल तर ती घासून जाईल, ती नंतर एनॅमल पेंटने टूथपिकने भरता येते. जास्तीचा रंग पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरशील तर जपून, ॲसिटोनचा थेंब फेरूलवर पडला तर प्लास्टिक विरघळतं.

फेस सोडून दे असं मी सारखं म्हणतोय त्याचं कारण नियम आहे. क्लबच्या फेसचा खरखरीतपणा किती असावा, ग्रूव्ह किती रुंद (०.९ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही) आणि किती खोल (अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास), हे गोल्फचे नियम करणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांच्या नियमात ठरलेलं आहे, आणि २०१० मध्ये ग्रूव्हच्या कडा किती धारदार असाव्यात तेही कडक झालं. घरी पेपर मारून तू कडा गोल केल्यास तर ओल्या गवतातून बॉल थांबणार नाही, उलट खूप खरखरीत केलास तर क्लब नियमाबाहेर जाईल. आपल्या गोल्फ क्लबच्या मंथली मेडलला, म्हणजे महिन्याच्या स्पर्धेला, कोणी भिंग घेऊन येत नाही हे मलाही माहीत आहे, पण स्कोअरकार्डवर सही आपण करतो.

आता मामाचा सेट, म्हणजे क्रोमवाला. तुझ्यापुढे दोन-तीन रस्ते आहेत आणि ते सारखे नाहीत. सगळ्यात हलका म्हणजे फक्त टॉपलाइन आणि होझलला मरून पॅडचे अगदी हलके ओले हात, पेपर बिलकुल नाही. यात क्रोम जवळपास जाईल पण खालचं निकेल शिल्लक राहील, आणि निकेल शाबूत आहे तोपर्यंत लोखंडाला पाणी लागत नाही. निकेल काळवंडतं, पिवळट होतं, ते चालेल तुला, चमक कमीच होते त्याने. पण जून ते सप्टेंबर प्रत्येक राउंडनंतर हेड कोरडी पुसून शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवावं लागेल आणि ओलं हेडकव्हर किंवा ओला टॉवेल बॅगेत कोंबून गाडीच्या डिकीत ठेवायची सवय असेल तर ती मोडावी लागेल. हे करणार नसशील तर हा रस्ता घेऊ नकोस, प्रामाणिकपणे सांगतो.

कायमचा आणि खरा रस्ता वेगळा आहे. कंपन्या सॅटिन क्रोमचे क्लब बनवतात ते क्रोमवर ब्लास्टिंग करून नाही, आधी उघड्या लोखंडाला ब्लास्ट करतात आणि मग त्यावर निकेल-क्रोम चढवतात, पोत खालून येतो आणि रेनकोट शाबूत राहतो. तेच तुला करून घेता येईल, भोसरी-चाकण पट्ट्यात हे सगळं करणारे जॉबवर्कवाले आहेत. क्रोम-निकेल स्ट्रिप करायचं, ग्लास बीड (काचेच्या बारीक मण्यांचं) ब्लास्टिंग करायचं, परत प्लेटिंग. आठ हेडचा जॉब म्हणजे त्यांच्यासाठी किरकोळ, कोणी उभं करणार नाही, कोणी आवडीने करेल, दोन-चार ठिकाणी स्वतः हेड हातात घेऊन जा, फोनवर भाव विचारू नकोस. आणि तीन गोष्टी तोंडी सांगू नकोस, कागदावर लिहून हेडबरोबर बांध: ग्लास बीडच हवं, स्टील शॉट किंवा ग्रिट नको, प्रेशर दोन-तीन बारच्या वर नको आणि ग्रूव्हवर जाड टेप लावूनच ब्लास्ट करायचं, आणि बफिंग कुठेही करायचं नाही. ही शेवटची गोष्ट मी एकदा सांगायची विसरलो. ती लाडकी वेज, जिचं वर सांगितलं, ती स्ट्रिप करून प्लेटिंगला दिली होती, माणूस कामाचा चांगला, त्याने आपुलकीने प्लेटिंगच्या आधी सगळं बफवर धरून गुळगुळीत केलं, फेससकट. ग्रूव्हच्या कडा साबणाच्या वडीसारख्या झाल्या. त्याला कसं कळणार की त्या रेषा शोभेच्या नाहीत? मी सांगायला हवं होतं. ती वेज आता माझ्या कपाटात आहे, खेळायला काढत नाही.

त्याआधी हेड शाफ्टवरून काढावी लागतील, आणि हे तू घरी करू नकोस. हेड इपॉक्सीने चिकटवलेली असतात, शंभर-सव्वाशे डिग्रीच्या पुढे ती इपॉक्सी मऊ पडते, क्लबमेकर हीटगनने होझल तापवून बेताने ओढतो. याच कारणाने शाफ्टसकट क्लब पावडर कोटिंगला द्यायचा विचारही करू नकोस, त्यांची भट्टी १८०-२०० डिग्रीला चालते, इपॉक्सी जाईल, फेरूल वितळेल, ग्रिपचं काय होईल ते तूच बघ. ब्लॅकोडायझिंगचंही (रसायनात बुडवून लोखंड काळं करण्याचंही) तेच, कॉस्टिकची उकळती टाकी १४० डिग्रीच्या आसपास असते. पुण्यातला कोणीही टूलरूमवाला तुला ब्लॅकोडायझिंग सुचवेल, स्वस्त आहे आणि ब्लास्ट केलेल्या लोखंडावर दिसतंही देखणं, कोळशासारखं मऊ काळं. पण तो थर एक-दोन मायक्रॉनचा, गंज थोपवतं ते त्यात मुरलेलं तेल. नट-बोल्टला ठीक आहे ते. बॉल, माती, दव आणि आपला पाऊस यात सोल आणि फेसवरून ते थोड्याच दिवसांत जातं आणि मग परत तेल, परत गंज. ज्यांना तसा जुना झिजलेला लूक आवडतो त्यांनी जरूर करावं, बरेच प्रो खेळाडू वेज मुद्दाम उघड्या लोखंडाची वापरतात. पण त्यांना वेज दर काही महिन्यांनी नवीन मिळते.

आणि तो काळा स्प्रे, बाइकच्या सायलेन्सरचा मॅट ब्लॅक असतो तोच ना? चकचकीत क्रोमवर त्याला धरायला काही नसतं. बॅगमध्ये क्लब एकमेकांवर आपटले की टॉपलाइनवरून आधी टवके उडणार, आणि मग काळ्यामध्ये ते चमकणारे ठिपके, आत्ता आहे त्यापेक्षा वाईट. त्याच्या नादी लागू नकोस.

राहिला मामा. मामाला आधी सांग. करून दाखवायचं हे वाढदिवसाच्या केकला ठीक आहे, हे क्लब त्याने हातात धरून घालवलेल्या सकाळी आहेत, आणि तू लिहिलंयस 'दिला', तरी माणूस वस्तू देतो तेव्हा ती आपल्या ओळखीची राहील असं कुठेतरी धरून चाललेला असतो. माझा अंदाज आहे की तो नाही म्हणणार नाही. त्यालाही ही चमक वर्षानुवर्षं डोळ्यात गेलीच असणार, त्याने काहीतरी उपाय केला असेल, टोपी खाली ओढणं म्हण, उभं राहायची जागा बदलणं म्हण, ते विचार त्याला. गच्चीवर टेपचे तुकडे लावायला मामालाच बोलव ना. आणि तो म्हणाला की बाबा माझे क्लब आहेत तसे राहू देत, तर तसेच ठेव, पॅडसुद्धा लावू नकोस, सकाळच्या त्या पहिल्या होल्सना तुझी स्टेनलेसची वेज आणि एखादा सेकंडहँड सॅटिन आयर्न वापर, ऊन वर आलं की मामाचा सेट काढ.

हो म्हणाला तर सुरुवात ३ आयर्नवर कर. दीड वर्ष खेळणाऱ्याला ३ आयर्न तसाही लागत नाही, रागावू नकोस. फक्त टॉपलाइन, फक्त पॅड, ओलं, हीलकडून टोकडे. मग तो बॅगेत ठेवून चार-पाच राउंड जाऊ देत, एखादी पावसाची सर त्याच्यावर पडू देत, आणि घरी आल्यावर भिंगातून ती कड बघ, सुईच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका दिसतो का. दिसला तर मला फोटो पाठव, बाकीच्या सातांना हात लावायच्या आधी.